इन्स्पेक्टर अवकाशचा शेवटचा फुगा

“हात वर कर, डॉक्टर पारा! तुझ्या यंत्राची वायर माझ्या खिशात आहे.”

चहात साखर किती?

“पृथ्वी वाचवायला सात मिनिटं? पुष्कळ झाली.”

तुझ्या कानाला शाई लागली आहे. डाव्या.

“चंद्रावर सगळ्यांनाच उशीर होतो, इन्स्पेक्टर.”

शनिवारी निघणार?

*

वर अवतरणचिन्हांत आहे ते शाईचं. बाकीचं निळ्या पेन्सिलीचं.

हा फरक आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माझं काम फुगे भरायचं. चित्रकथेतली माणसं ज्या पांढऱ्या फुग्यात बोलतात, त्यातली अक्षरं मी हाताने लिहिते. आधी फिकट निळ्या पेन्सिलीने मजकूर मावतो का बघायचं, मग काळी शाई. स्कॅनरला ती निळी दिसत नाही. पानावर राहिली तरी छापली जात नाही. म्हणजे निळ्यात काय वाटेल ते लिहा, जगाला पत्ता लागायचा नाही.

जगाला. रंगवणाऱ्याला लागतो. स्कॅन करण्याआधी पान त्याच्या हातात जातं.

*

पहिल्या दिवशी खोलीत शिरले तर माझ्या खुर्चीवर एक माणूस उभा! बूट काढून, एवढं खरं. एक मोजा हिरवा, एक तपकिरी. खिडकीच्या काचेला जुनं पान चिकटवून धरलेलं, मान तिरकी.

“उतरा,” मी म्हणाले.

“एक मिनिट. इन्स्पेक्टरचा मुखवटा निळा की काळा?”

“निळा. आणि खुर्ची माझी.”

“काळा. काळ्यावर चमक दाखवायला तेव्हा निळा फासायचे. तुम्हाला नुसती चमक दिसतेय.”

“मी पाच वर्षांची असल्यापासून हा मुखवटा बघतेय.”

“मग तेव्हापासून चुकताय.”

“रंगांचं काम तुमच्याकडे आहे का?”

“हो. का?”

मी त्याच्या मोज्यांकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग उतरला, रुमालाने खुर्ची पुसली, आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं — आणि रुमाल तिथेच विसरून गेला.

*

इन्स्पेक्टर अवकाशचे अंक एकूण चाळीस. मुखवटा, उडती मोटार, पट्ट्याला किरण-पिस्तूल. आठवड्याचे सहा दिवस गुन्हेगार पकडायचा आणि सातव्या दिवशी ग्रह वाचवायचा. त्याच्यावर टीव्हीची मालिकाही निघाली होती, पण ती कृष्णधवल, त्यामुळे मुखवट्याच्या खटल्यात साक्ष म्हणून बाद. त्यातलं रॉकेट उघड उघड थर्मास होता, पत्र्याचे पंख लावलेला.

चाळीसही अंक शिल्लक राहिले ते एकट्या माझ्या मामाकडे. त्यावरून नवं, जाडजूड पुस्तक काढायचं संपादकबाईंनी ठरवलं. अक्षरं पुसट झालेली, ती माझ्याकडे. रंग उडालेले, ते त्याच्याकडे. माझी खोली उजेडाची, त्याची पडदे ओढलेली, मधे पॅसेज. पॅसेजमध्ये एक लाकडी ट्रे. झालेलं पान मी ट्रेमध्ये ठेवायचं, त्याने उचलायचं, काही दुरुस्ती असली तर परत ठेवायचं.

तिसऱ्या अंकात डॉक्टर पाऱ्याच्या डोक्यावर थोडी जागा रिकामी होती. तिथे त्याच्या हातचं निळ्यात आलं: *चहात साखर किती?*

मी खाली लिहिलं: *एक. तुम्ही करणार?*

*मुखवटा काळा ठरला तर तू करशील. निळा ठरला तर मी.*

‘तुम्ही’ तिथेच गळून पडलं, कोणी उचललं नाही.

*

नवव्या अंकात त्याने चंद्रावरच्या वार्ताहराला — ती गोष्टीतली मुलगी, कॅमेरा गळ्यात, कायम चुकीच्या रॉकेटमध्ये — तपकिरी डोळे दिले. जुन्या अंकात ते नुसते दोन ठिपके होते.

“हा रंग कुठून आणलास?” मी त्याच्या दारातून विचारलं. खोलीत अंधार, संगणकाच्या पडद्याचा उजेड त्याच्या गालावर.

“निरीक्षणातून.”

“कुणाच्या?”

“तू जरा उजेडात ये, मग सांगतो.”

मी आले नाही. पण गेलेही नाही.

*

बाराव्या अंकाच्या वाचकांच्या पत्रांत निकाल सापडला. कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं, आणि जुन्या संपादकांचं उत्तर होतं: ‘रात्री काळा, दिवसा निळा.’

“पळवाट,” तो म्हणाला.

“न्याय,” मी म्हणाले. “एक दिवस तू चहा करायचा, एक दिवस मी.”

“कायमचा?”

“पुस्तक होईपर्यंत.” हे माझ्या तोंडून निघालं, आणि लगेच जीभ चावावीशी वाटली.

*

पुस्तक शुक्रवारी छापखान्यात जाणार होतं. त्याचं काम तिथे संपत होतं. दुसऱ्या गावाहून त्याला बोलावणं आलं होतं, जुन्या कृष्णधवल मालिका रंगीत करायला. थर्मासचं रॉकेटसुद्धा त्यात होतं. असं काम कोण सोडेल?

मंगळवारी मी निळ्यात विचारलं: *शनिवारी निघणार?*

पान परत आलं. *तू सांग.*

*

आणि शेवटच्या चौकटीतला फुगा रिकामा होता.

चाळिसाव्या अंकाचं शेवटचं चित्र: इन्स्पेक्टर रॉकेटच्या शिडीवर चढलाय, मुखवटा हातात, कायमचा चाललाय. खाली वार्ताहर उभी. तिचा फुगा पाण्याच्या डागात विरघळून गेलेला. त्याचं उत्तर तेवढं शाबूत: “एवढंच ना? उतरलो.”

मी मामाला फोन केला. “ती काय म्हणते तिथे?”

“मला काय विचारतेस, बये? त्यावर पाण्याचा पेला तूच लवंडलास. वर रडलीस, आणि मार मला बसला.”

“आठव ना.”

“पंचवीस वर्षं झाली गं... काहीतरी प्रेमाचं असणार. शहाणी असेल तर.”

संपादकबाई म्हणाल्या, “तूच लिही. खालच्या उत्तराशी जुळलं म्हणजे झालं.”

फुगा मीच बुडवला होता, मीच भरणं भाग होतं. गुरुवारी सकाळी निळी पेन्सिल हातात घेतली — आणि ठेवून दिली. पुसता येणारं पुष्कळ लिहून झालं होतं. सरळ दौत उघडली. आधी मोजलं नाही, आखलं नाही. काळ्या शाईत, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं:

“जाऊ नकोस. मला तू हवा आहेस. चंद्राचं चंद्र बघून घेईल.”

वाळू दिलं. ट्रेमध्ये ठेवलं. खोलीत येऊन बसले आणि अर्धा तास एकच निब पुसत राहिले.

*

तो आला. पान घेऊन. बूट काढले (आज दोन्ही मोजे निळे), खुर्चीवर चढला — मी टेबलावर बसले होते, हे नशीब — आणि पान काचेला लावलं.

“शाई छान बसलीय,” तो म्हणाला. “वाक्यही जमलंय. वार्ताहर बोलली म्हणायची, चाळीस अंकांनंतर का होईना.”

मी निब पुसायचं थांबवलं.

“कोण बोलली?”

“वार्ताहर. ही काय.”

“आणि अक्षर कुणाचं आहे?”

“तुझंच. पण हे शाईत आहे ना...” त्याचं बोट काचेवर थांबलं. “आपलं बोलणं निळ्यात असतं. शाईतलं पुस्तकाचं.”

“मूर्ख आहेस.”

“हो... पण —”

“निळ्यातलं कुणाला दिसत नाही म्हणून शाईत लिहिलं. छापलं जावं म्हणून लिहिलं. आता तोंडानेही सांगते, म्हणजे तुझ्या नियमात बसेल. जाऊ नकोस. मला तू हवा आहेस.”

पॅसेजच्या टोकाला कुणाचा तरी फोन वाजत होता. काचेतून ऊन येत होतं, पानातून गाळून, त्याच्या चेहऱ्यावर. वार्ताहराच्या डोळ्याचा ठिपका त्याच्या कपाळावर पडला होता.

“चंद्राचं काय?” त्याने विचारलं.

“सांगितलं ना.”

तो हसला. आधी कानापर्यंत, मग सगळाच. पान जपून टेबलावर ठेवलं.

“एवढंच ना?” तो म्हणाला. “उतरलो.”

आणि उतरला.

*

दुसऱ्या गावच्या कामाला त्याने सोमवारीच नकार कळवला होता, सकाळी साडेदहा वाजता.