मनगटावरचा धागा

मेहकरच्या बाजाराला निघालेली वंदना एसटीत हळूच म्हणाली, "काकू, बाजार मागून करू. आधी मले त्या मासेवाल्यायच्या पिंजऱ्यात उतराचं हाय."

शेजारी वंदनाच्या घरी भाजी कोणती शिजते, तेही अन्नपूर्णाबाईंना वासावरून कळायचं. पण हे काही कळलं नव्हतं.

"काऊन वो? तू तं विहिरीजवळही जात नाही."

"त्यायनं शेवटी पाण्यात काय पाह्यलं, ते पाहाचं हाय. मंग उद्याले माही ना नाही."

तिचा नवरा गजेंद्र पैनगंगेच्या पुरात गेला. बैल बांधायची त्याची एक गाठ होती, ओढली की आणखी आवळणारी. त्या दिवशी काठावरच्या बैलाचं दावं त्याचं त्यालाच सुटलं नाही. बैल सापडला, तो नाही. दोन वर्षं वाट पाहून घरच्यांनी ठरवलं, पिठाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. उद्याच. वंदनाच्या हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या.

मैदानावर मासे दाखवणाऱ्यांचा खेळ आला होता; पत्र्याच्या मांडवात शार्कचा काचेचा भलामोठा हौद, अन् तिकीट काढलं की पिंजऱ्यात बसून त्यात उतरता यायचं. निळा उजेड, ओल्या गोणपाटाचा वास.

"ताई, काचेच्या बांगड्या काढा," पिंजऱ्यावरचा माणूस म्हणाला. "फुटल्या तं पाण्यात जाते."

वंदनानं हात मागे लपवला. अन्नपूर्णाबाईंनी आपल्या पदराचा एक दोरा ओढला. बांगड्या भरतानाही बाईचं मनगट उघडं ठेवत नाहीत, निदान दोरा तरी बांधतात. तसा त्यांनी बांधला.

"घे, नाही रिकामा हात. जाय आता."

बांगड्या रुमालात बांधून त्यांनी कमरेला खोचल्या.

डोक्यावर हवेचा टोप घालून वंदना पिंजऱ्यासकट खाली गेली. पंप घरघरत होता. मागच्या काळोखातून शार्क आली, आपल्याच अंगणात फिरावं तशी. पिंजऱ्याला वळसा घालताना एका कोपऱ्याशी मात्र थबकायची अन् माघारी फिरायची. तिथं काहीच नव्हतं. वंदना तिथंच बघत होती. मग तिनं गजांतून मनगट बाहेर काढलं...

"वंदे... हात आत घे वो..." अन्नपूर्णाबाई काचेवर थापा मारत राहिल्या.

ती वर आली तेव्हा चेहरा निवांत होता. मनगट उघडं.

"धागा?"

"त्यायनं सोडला, काकू... लय हळू." मग म्हणाली, "उद्याचं करा म्हना."

परतताना ती खांद्यावर डोकं टेकून झोपली, लेकरासारखी. सुटली बिचारी, असं अन्नपूर्णाबाईंना वाटलं.

बांगड्या तिनं वाटेत मागितल्याच नव्हत्या; दिवेलागणीला त्या परत द्यायला अन्नपूर्णाबाईंनी रुमाल सोडला. रुमाल कोरडा होता. आतल्या बांगड्या ओल्या, पुराच्या गाळाचा वास मारणाऱ्या. सगळ्या एकत्र बांधलेल्या, त्यांच्याच पदराच्या दोऱ्यानं. गाठ मात्र त्यांची नव्हती.

सोडवायला त्यांनी दोरा ओढला. गाठ आणखी आवळली.

भिंतीपलीकडे वंदना उद्याचं पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला.

"काकू..." ती पलीकडून म्हणाली, "मनगट लय आवळून राह्यलं वो..."