गुलाबी तळं

कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी रूबेनचा बूट चिखलात रुतला आणि काही केल्या निघेना. त्याची मोठी बहीण नेल आणि तिचा मित्र इद्रीस यांनी त्याला काखेत धरून ओढलं. रूबेन बाहेर आला, बूट आतच राहिला.

"आठवडाभर पावसाचा थेंब नाही," इद्रीस म्हणाला. "मग हे तळं आलं कुठून?"

ईस्टरच्या सुट्टीतला शनिवार होता. थॉर्नबेक गावच्या मैदानावर दुपारी फुटबॉल लीगचा शेवटचा सामना होणार होता. जिंकले तर थॉर्नबेक आहे तिथे टिकणार, नाहीतर एक पायरी खाली घसरणार. शिवाय नेल-रूबेनचे डॅड, कप्तान गॅविन, आज शेवटचे खेळणार होते. आठवडाभर लोकांची छपरं दुरुस्त करायची आणि शनिवारी बचावफळी सांभाळायची, यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता गुडघे ऐकत नव्हते.

थोड्याच वेळात रेफरीबाई मैदान तपासायला येणार होत्या. मैदान नापास झालं की सामना रद्द आणि गुण पाहुण्यांच्या खात्यात.

मुलांनी क्लबचे अध्यक्ष मिस्टर पिकर्सगिल यांना गाठलं. ते गोलच्या मागच्या नव्या मातीच्या टेकाडावर ऐटीत उभे होते. प्रेक्षकांना उंचावरून खेळ दिसावा म्हणून त्यांनी गुरुवारी ट्रकभर माती आणून टाकली होती. तळ्याचं ऐकून ते हसले. डोंगराळ भागात जमीन ओलीच असायची, वाळू पसरली की झालं, असं सांगून त्यांनी मुलांना वाटेला लावलं.

नेलला ते पटेना. डोंगरावरून येणारा झरा वरच्या कुंपणापाशी एका पाइपात शिरतो, मैदानाच्या कडेने जमिनीखालून वाहतो आणि खाली ओढ्यात पडतो, हे तिला ठाऊक होतं. ते पाणी ओढ्यापर्यंत पोहोचत नसेल तर?

"पण झऱ्याचं पाणी आणि ओढ्याचं पाणी वेगळं ओळखायचं कसं?" इद्रीसने विचारलं.

"रंगवायचं," रूबेन म्हणाला. तो एका पायावर लंगडी घालत होता.

इद्रीसची अम्मी मैदानावरचं चहाचं दुकान चालवायची. तिथे मांस भरलेल्या गरम पेस्ट्रीसोबत द्यायला व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बीटच्या मोठमोठ्या बरण्या होत्या. पाणी हवं तेवढं न्या, पण एक फोड जरी कमी झाली तर याद राखा, असं तिने बजावलं. इद्रीस दोन बादल्या लाल पाणी घेऊन वरच्या कुंपणाकडे पळाला. नेल ओढ्याकाठी पालथी पडून बघत राहिली. तळ्यापाशी रूबेन पहाऱ्याला बसला.

इद्रीसने बादल्या पाइपात ओतल्या. ओढ्यात लाल रंगाचा मागमूस नाही! आणि पाइपाचं तोंड तरी कुठे होतं? जिथे ते असायला हवं होतं तिथे टेकाडाची माती घसरून थेट काठापर्यंत आली होती.

तेवढ्यात रूबेन ओरडला, "गुलाबी! तळं गुलाबी झालं!"

नेल धावत आली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मातीने पाइपाचं तोंड बुजलं होतं. पाणी आत तुंबून जुन्या सांध्यांतून इथे वर येत होतं.

हे सगळं तिने धापा टाकत पिकर्सगिलना सांगितलं. पण टेकाड उकरायचं नावच त्यांना नको होतं. दुपारी त्याचा फोटो काढायला पेपरवाले येणार होते. सगळ्यांना विचारूनच माती टाकली आहे, असं ते गुरगुरले.

"पाइपाला विचारलं होतं?" रूबेन म्हणाला.

पिकर्सगिल लाल झाले. नेलला मात्र युक्ती सुचली. वाळूने काम भागेल असं तुम्ही म्हणता, तर तिथे वाळू टाकून तिच्यावर जरा उभे राहून दाखवा, असं तिने अगदी नम्रपणे सुचवलं. पिकर्सगिल तरातरा गेले, त्यांनी वाळूचं पोतं तळ्यात रिकामं केलं, त्यावर उभे राहिले आणि पोटऱ्यांपर्यंत खाली गेले. नेमकी त्याच वेळी पाहुण्या संघाची बस फाटकातून आत आली. उतरणाऱ्या प्रत्येकाला गुलाबी चिखलात रोवलेले अध्यक्ष दिसले.

हसणं ओसरल्यावर पिकर्सगिलनी टेकाड उकरायला मान डोलावली आणि गॅविन फावडी घेऊन आले. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने मात्र आपल्या खेळाडूंना बसमध्येच बसायला सांगितलं. सामना रद्द झाला तर फुकटच्या गुणांवर ते लीगचे विजेते ठरणार होते. पण त्यांचा कप्तान मार्लन ग्रीव्हज खाली उतरला. त्याने नेलला नीट विचारून घेतलं, टेकाडाकडे पाहिलं आणि गॅविनच्या हातातलं एक फावडं घेतलं.

"हंगामभर धावलो ते बसमध्ये बसून कप घ्यायला नाही," तो म्हणाला. "चला, कुठे खणायचं?"

मग दोन्ही संघ मातीला भिडले. रेफरीबाई आल्या तेव्हा बावीसेक खेळाडू घामाघूम होऊन खणत होते. एकदम आतून घरघर ऐकू आली, मातीचा गोळा उडाला आणि गुलाबी पाण्याचा लोट धबधबत ओढ्यात कोसळला. रेफरीबाईंनी तळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जेवणानंतर पुन्हा तपासते म्हणाल्या. तोवर सगळ्यांनी मिळून गवतात बागकामाचे दाताळे खुपसून उरलंसुरलं पाणी जिरवलं. रेफरीबाईंनी परत येऊन चेंडू टाकून पाहिला. चेंडू उसळला.

सामना झाला, आणि काय झाला! पाहुण्यांनी आधी गोल केला, थॉर्नबेकने फेडला. शेवटच्या मिनिटांत गॅविन दुखऱ्या गुडघ्यांनिशी पुढे धावले आणि मार्लनपेक्षा उंच उडी मारून त्यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात ठोकला. दोन-एक! थॉर्नबेक टिकलं, पाहुण्यांचा कप हुकला. इद्रीसची अम्मी चहाची किटली हातात घेऊनच नाचली.

पिकर्सगिलनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. चूक माझी होती, मैदान या तीन मुलांनी वाचवलं, असं त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. रेफरीबाईंनी तिघांशी हात मिळवला. गॅविननी कप्तानाची पट्टी काढून नेलच्या दंडावर चढवली.

गर्दीतून वाट काढत रूबेन मार्लनपाशी गेला. फावडं उचलल्याचा पस्तावा होतोय का, असं त्याने विचारलं.

"खूप होतोय," मार्लन म्हणाला आणि त्याने रूबेनला उचलून खांद्यावर बसवलं. "पण उद्या परत तळं झालं, तर मला नक्की बोलव."