बर्फाची ओढ

भर ओहोटीलाही सावळाराम कुबलच्या बायकोचं, द्वारकेचं तुळशीवृंदावन आता हातभर पाण्याखाली असायचं. सावळाराम होडी त्याच्यावर आणून सोडायचा आणि वाकून बघत बसायचा. जिथे जाळलं तिथेच वृंदावन बांधायचं, ही त्यांच्या वाडीची रीत. तुळस केव्हाच गेली होती. चिऱ्यांवर शेवाळ डुलायचं, त्यातून लहान मासे फिरायचे, आणि बघता बघता त्याला वाटायचं, ती खाली उन्हात केस वाळवत बसलीय.

पाणी चढलं तशी वाडी वर सड्याच्या माळावर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज होडीत त्याच्यासोबत डॉ. हेमांगी साटम होती, समुद्राची पातळी मोजणारी. तिने त्याला सांगितलं ते असं. डोंगराएवढा बर्फ भोवतीच्या पाण्याला आपल्याकडे ओढून धरतो. ग्रीनलंडचा बर्फ वितळला तशी ती ओढ सुटली. तिथलं पाणी किनारा सोडून निघालं आणि वितळलेल्या पाण्यासकट लांबच्या किनाऱ्यांवर चढलं. म्हणून बर्फाजवळ समुद्र उतरला आणि इथे वाढला.

"म्हणजे घरधनीण गेली, आणि पाणी घर सोडून भटकायला लागलं," सावळाराम म्हणाला.

तसंच म्हणा काका, असं म्हणून ती पुढे म्हणाली की आता थोडा बर्फ परत गोठवता येतो. मग इथलं पाणी हातभर उतरेल.

"मग गोठवा की. मला कशाला विचारता?"

तेव्हा तिने टाळलेली गोष्ट सांगितली. इथलं पाणी उतरलं की तिकडे ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर चढतं. अशा दोन गावांना ते 'जोडगावं' म्हणत. तिकडच्या खडकात थडगं खणायला माती नव्हती. समुद्र उतरला तेव्हा तळाची माती उघडी पडली, आणि अक्कालुक नावाच्या माणसाने तिथे बायकोला पुरलं. दोन्हीकडच्या अशा दोघांनी हो म्हटल्याशिवाय गोठवायचं यंत्र चालवायचं नाही, असा नियम होता.

तिने फोन लावला. पडद्यावर कानटोपी घातलेला म्हातारा दगडांच्या ढिगाजवळ बसला होता. त्याचं बोलणं फोन मराठीत सांगत होता. त्याने आधी मासळीचं विचारलं. आमच्याकडे हल्ली बांगडे येतात, म्हणाला.

"आमचे तुझ्याकडे आले होय? मला वाटलं, रुसले."

अक्कालुक हसला. मग त्याने विचारलं, "तुझ्या बायकोला पाण्याची भीती वाटायची?"

हेमांगीने सावळारामकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी अक्कालुक गोठवायला कबूल झाला असता. तो खाली पाण्यात बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "कालवं काढायला कमरभर पाण्यात उतरायची. हाका मारल्या तरी बाहेर येत नसे. तुझी?"

अक्कालुकने थडग्यावरचा एक दगड नीट बसवला.

"माझी कधी होडीतही बसली नाही."

सावळारामने वल्हं उचललं. "राहू दे, बाय. नका गोठवू."

"पाणी अजून चढतंय, काका. पुढच्या वर्षी इथे तळही दिसणार नाही."

"तिकडे तिचे पाय कोरडे राहतील ना?"

हेमांगीने मान डोलावली.