हात दे, आई

माकडीण अठ्ठावीस वर्षांची होती, म्हणजे माणसाच्या मापानं ऐंशीच्या घरातली. पाठीला पोक, डोळ्यांवर सायीसारखा मोतीबिंदू. म्हातारपणी मेंदूचं काय होतं ते या संशोधनशाळेत तिच्यावरून शिकायचं होतं. सगळे तिला म्हातारीच म्हणत. पिंजरे सांभाळणारी बाई रोज सकाळी बेदाणा दाखवून म्हणे, "हात दे, बये." म्हातारी गजांतून दंड पुढे करी, डॉक्टर रक्त काढून घेत.

घरीही बाईचं तेच. आईला न्हाऊ घालताना, "हात दे, आई." आई चावायची, ओरबाडायची. दोन वर्षांत तिनं लेकीचं नाव घेतलं नव्हतं. एकदा घे, मग खुशाल मार, एवढंच लेकीचं मागणं.

सोमवारी बाईची जीभ घसरली. पिंजऱ्याशी ती म्हणाली, "हात दे, आई."

डॉक्टर हसले. "मावशी, नातं लावलंत की! आता साडीचोळी करा तिला."

म्हातारीनं बेदाणा घेतला नाही. नुसती बघत राहिली.

मंगळवारी तिनं पिंजऱ्यातल्या दुसऱ्या माकडिणीचा कान तोडला. बुधवारी तिचा गळाच फाडला. रक्त छतापर्यंत उडालं होतं. फरशीवरचं पुसायला बाई वाकली, तशी गजांतून ओली बोटं आली आणि तिच्या केसांत शिरली. ओढलं नाही. तीन पेड वेगळे केले आणि वेणी घालायला घेतली. घट्ट, कानशिलं ताणणारी, शाळेत जाताना आई घालायची तशी.

बाईनं मान तशीच धरली.

"हिला आत्ताच कायमची झोपवू," डॉक्टर सुई भरत म्हणाले. "मेंदू तरी हाती लागेल."

"नको हो डॉक्टर. ओळखते ती मला."

"बेदाण्याला ओळखते, मावशी! धरा तिला."

त्यांनी हात आत घातला. म्हातारीनं अंगठा हाडापर्यंत चावला आणि सोडेना. डॉक्टर किंचाळले. "धरा म्हणतो ना!"

बाई हळूच म्हणाली, "हात दे, आई."

म्हातारीनं दात सोडले.

दंड पुढे केला.

बाईनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. सुई गेली.

थोड्या वेळानं घरून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आई एकदम शांत झालीय गं. मारत नाही, ओरडत नाही. दंड चोळत बसलीय. टोचलं म्हणते."

"कुणी टोचलं?"

"ते नाही सांगत. धरलं कुणी, ते सांगतेय. तुझं नाव घेतेय, ताई. सारखं."