मिर्यांगची ओटी

लोकाचारांची तुलना हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय. दोन दूरच्या समाजांत सारखाच आचार आढळला, तर त्यामागची श्रद्धाही एकच असते, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. ते विधान मी आता मागे घेतले आहे. कारण विचारता आहात म्हणून सांगतो. दिवा मात्र असू द्या.

गेल्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातल्या बुसानला एक परिसंवाद होता. तो आटोपल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. माझी भाची पूर्णिमा तिथून पाऊण तासावर, मिर्यांग नावाच्या शहरात राहत होती. तिचे आईवडील लवकर गेले. ती कोल्हापुरात माझ्याच घरी वाढली. तिचा नवरा विश्वजित कागलच्या एमआयडीसीत अभियंता, कंपनीने त्याला वर्षभरासाठी तिकडे पाठवलेले. प्रवासी मिर्यांगला सहसा उतरत नाहीत. गाडी थांबते, दोनचार म्हाताऱ्या पिशव्या सांभाळत उतरतात आणि गाडी पुढे निघते.

पूर्णिमेला पाचवा महिना होता. आधीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेले होते, म्हणून तिच्या सासूबाई, शालूबाई, कोडोलीहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. मी दारात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "या पावणं! देवाधर्मातलं मोठं जाणतं तुमी. मग ह्या गावात एक देवी दावा की. ओटीचं सामान कोडोलीपासनं आणलंय, आन् भरायला देऊळ गावंना!"

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आम्ही तिघे हिंडलो. नदीकाठच्या कड्यावरचा जुना लाकडी मंडप पाहिला. मग एक दरी, जिथे ऐन उन्हाळ्यात खडकांच्या फटींत बर्फ धरतो आणि थंडीत उबारा येतो. शालूबाईंनी एका फटीत हात घातला आणि चटकन ओढून घेतला.

"उलटंच गाव हाय हे," त्या म्हणाल्या. "आत कुनीतरी श्वास घेतंय."

पूर्णिमा हसली. मीही हसलो.

दुपारी डोंगरावरच्या एका मंदिराकडे निघालो. वाटेत मी त्या जागेची दंतकथा सांगितली. समुद्राच्या राजाचा मुलगा मरणाची जागा शोधत या डोंगरावर आला. त्याच्या मागोमाग हजारो मासे उतार चढून आले. तो इथे शिळा झाला आणि मासे जिथल्या तिथे दगड झाले. त्या शिळेला बायका मूल मागतात.

"म्हंजे आपली सटवाईच की," शालूबाई म्हणाल्या.

"तसंच समजा. नावं वेगळी, काम एकच."

हे वाक्य माझे. ते दुसऱ्या कुणी उच्चारले, असे मला म्हणता येणार नाही.

वर पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते. मंदिराच्या खाली, डोंगराच्या कुशीत, काळ्या दगडांची एक नदीच थिजून पडली होती. सगळ्यांची तोंडे वरच्या दिशेला. झाडांवर पाखरू नव्हते. ओल्या लोखंडासारखा वास येत होता. एका दगडावर मी खड्याने टकटक केले; आतून घंटेचा स्वर उमटला, आणि तो थांबायला हवा होता त्याहून बराच वेळ चालू राहिला.

शिळेच्या मंडपाला कुलूप होते. शालूबाई थेट दगडांत उतरल्या. एका मोठ्या दगडाला त्यांनी हळदकुंकू लावले, खण ठेवला, तांदळाने पाच वेळा ओटी भरली. आमच्याकडे देवीची ओटी भरली की त्यातले थोडे उचलून सवाष्णीच्या पदरात घालतात. तो देवीचा होकार. पण इथे तांदूळ घरंगळून फटींत गेला होता, एक दाणाही हाती लागेना. शालूबाईंनी इकडेतिकडे पाहिले, मुठीएवढा एक दगड उचलला आणि पूर्णिमेच्या ओढणीत घातला.

त्याच क्षणी वरून एक म्हातारी ओरडत आली. मंदिराची झाडलोट करणारी असावी. ती आमच्यावर थुंकलीच. मग पूर्णिमेच्या पोटाकडे बोट करून, आवाज एकदम खाली आणून काहीतरी बोलली. पूर्णिमा तिथली भाषा कामापुरती शिकली होती. तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?" मी विचारले.

"म्हणते... तो एकटा येणार नाही. एक निघाला की मागचे सगळे निघतात."

"ठेवून दे तो," मी म्हणालो.

"खुळं का काय तुमी!" शालूबाई माझ्यावर उसळल्या. "पदरात पडल्यालं परत दिवून यायचं? म्हंजे गर्भच परत दिल्यागत झालं की!"

पूर्णिमेने ओढणीची गाठ घट्ट केली. तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

टॅक्सी अर्ध्या मैलावर उभी होती. आम्ही उतरू लागलो तसा मागून, धुक्यातून, तो स्वर आला... एक. मग दुसरा. आम्ही थांबलो की थांबे. दगड हवेतल्या गारव्याने आकसतात, असे मी मोठ्याने म्हणालो.

सातव्या महिन्यात पूर्णिमा बाळंतपणासाठी कोल्हापुरात माझ्या घरी आली. दगड तिच्या पदराला बांधलेला. पंधरा दिवसांनी सकाळी फाटकाशी एक काळा दगड दिसला. कडाक्याच्या कोरड्या थंडीत तो ओला होता. घाटाखालून येणाऱ्या मासळीच्या टेम्पोला येतो तसा त्याला वास होता. मी तो पंचगंगेत टाकून आलो. दुसऱ्या सकाळी तिथे दोन होते. मग तुळशीपाशी, मग पायरीवर. सगळ्यांची तोंडे आतल्या दिशेला.

मी कोडोलीला शालूबाईंना फोन केला.

"येऊ द्यात की," त्या म्हणाल्या. "देवीची माणसं असत्याली."

मग मी ठरवले. बुसानचे एक सहकारी प्राध्यापक तो दगड डोंगरावर परत ठेवायला तयार झाले. एका दुपारी पूर्णिमा अंघोळीला गेली असता, काढून ठेवलेल्या साडीच्या पदरातून मी दगड सोडवला आणि शाहूपुरीतले कुरिअरचे दुकान गाठले. काउंटरवरचा माणूस पत्ता लिहून घेत असतानाच फोन वाजला.

"मामा," पूर्णिमेचा आवाज अगदी शांत होता. "दगड नेलात?"

मी काउंटरवरचा दगड उचलून मुठीत घेतला.

"बाळ हलायचं थांबलंय. सकाळपासून हलत होतं. आता... काहीच नाही."

"दवाखान्यात चल. मी येतोच."

"दगड घेऊन या. आधी दगड."

आलो. तिने तो पदरात घेतला, डोळे मिटले. माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक धक्का बसला, इतका जोराचा की मी हात काढून घेतला.

"पुन्हा हात लावू नका," ती म्हणाली. मी वाढवलेल्या मुलीचा तो आवाज नव्हता. "दोनदा रिकामी झालेय मी. काय येतंय ते येऊ दे."

त्यानंतर मी दगड उचलले नाहीत. ते उंबरा ओलांडून आले, सोप्यातून आले, आणि नवव्या महिन्यात शेवटचा तिच्या खाटेखाली होता.

मुलगा झाला. वजन चांगले, डॉक्टर समाधानी. दवाखान्यातून घरी परतलो तर घरात एकही दगड नव्हता. पूर्णिमेच्या पदराची गाठ बांधलेलीच होती, आणि आत काही नव्हते. शालूबाईंनी बोटे मोडून दृष्ट काढली. "आलं न्हवं सगळं पदरात? तुमी उगंच भ्यालासा, पावणं."

मी लाजलो. खरेच लाजलो.

बाराव्या दिवशी दुपारी बारसे झाले. शेजारच्या विठाबाई काजळाची डबी घेऊन पाळण्यावर वाकल्या. बाळाचे डोळे टक्क उघडे होते. त्यांनी एका डोळ्यात बोट फिरवले, थबकल्या. पुन्हा, जरा जपून, बुबुळालाच बोटाचे टोक लावले. बाळ रडले नाही. हललेही नाही.

"अगं बया..." त्यांचा हात तसाच राहिला. "पापणीच लवत न्हाय लेकराची. माशागत."

पूर्णिमेने पुढे होऊन पाळण्याची दोरी हाती घेतली. शालूबाईंनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "निजलाय त्यो."