ठमाच्या कापडावरचं नाव

ही श्रीवर्धनात घडलेली खरी गोष्ट आहे. मैनाबाई अजून आहेत, ते कापडही आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते ऐकून ठरवा.

मैनाबाई लहानपणी मुलींच्या शाळेत शिकत होत्या, तेव्हा शिवणाचा तास असे. प्रत्येकीला हातभर मांजरपाट मिळे. वर धावदोरा, त्याखाली उलटी टीप, मग साखळी टाका, शेवटी काजं. शिवणाच्या बाई आधी उलटी बाजू बघत. गाठ दिसली की उसवायला लावत. सगळ्या ओळी पसंत पडल्या, तरच तळाशी लाल दोऱ्याने आपलं नाव भरायचं.

काम पुरं झाल्याशिवाय नाव नाही.

मैनाच्या शेजारी बसायची ठमा. डावरी. साखळीपर्यंत आली आणि तापाने गेली. घरात ते कापड बघवेना, म्हणून तिच्या आईने ते मैनाला ठेवायला दिलं.

तळ कोराच राहिला.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. मैनाबाईंच्या नातीला, प्राप्तीला, शाळेत हस्तकला द्यायची होती. सुई तिने कधी धरली नव्हती. आजीच्या पेटीतलं ठमाचं ते कापड तिने काढलं आणि तळाशी कसंबसं स्वतःचं नाव भरलं. मैनाबाई चिडल्या, तर ती हसली.

"आजी, मॅडमना काय कळतंय? एवढं केलेलं हाय, नाव तेवढं माझं."

त्याच दिवशी, तिन्हीसांजेला, ओसरीवरून आवाज आला...

टच्.

मग दोरा ओढल्याची लांब सर्र...

वाडीत वारा नव्हता. पोफळी निश्चल उभ्या होत्या.

प्राप्ती दिवा न लावता बसली होती. शेजारी मोबाइल वाजत होता, तिचं लक्ष नव्हतं. सुई सरसर चालली होती...

डाव्या हातात.

साखळीखाली काजांची ओळ अर्धी भरली होती. मैनाबाईंनी कापड ओढून घेऊन उलटवलं. मागे एकही गाठ नव्हती.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"पुरं करू दे," ती मान वर न करता म्हणाली. "बाई बघतील."

मैनाबाईंना उमगलं. हिने नाव घातलं, म्हणून काम हिच्या गळ्यात पडलं. नाव काढलं की पोर सुटेल. कात्री घेऊन त्यांनी लाल दोरा उसवला, अक्षर न् अक्षर. शेवटचा धागा निघाला, तशी प्राप्तीच्या बोटांतली सुई गळून पडली.

मैनाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"चल प्राप्ती, जेवून घे."

ती हलली नाही.

"प्राप्ती..."

समोरच बसली होती. पण हाक जणू दुसऱ्याच कुणाला मारली होती.

म्हसळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मग मुंबईच्या. कान चांगले आहेत म्हणतात. आता घरातले खांद्याला हात लावून तिला बोलावतात. कापडावर तिचं नाव पुन्हा भरून बघितलं, तर दोरा दर वेळी तुटतो.

एका नावाने हाक मारली तर ती नक्की वळेल, हे मैनाबाईंना ठाऊक आहे. ते नाव कधीकधी अगदी ओठांवर येतं...

त्या तोंडाला पदर लावतात.

आणि रोज तिन्हीसांजेला प्राप्ती त्यांच्या ओठांकडे बघत बसते. वाट बघितल्यासारखी.