थोरल्यांचं कुलूप

दवाखान्याची घरपोच औषधांची संगणकप्रणाली बाबांनी लिहिली होती. एकाने रुग्णाची नोंद बदलायला घेतली की तिला कुलूप. तो बदल जतन किंवा रद्द करेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. नियम चोख होता. फक्त नियम करणारा गृहस्थ नोंद उघडी टाकून व्हरांड्यात गप्पा मारायला जायचा आणि सगळं ऑफिस ताटकळत बसायचं. बाबांना सगळे थोरले म्हणत, बहुधा म्हणूनच खपून जायचं.

ते गेले आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. आई त्या घरात एकटी उरली. तिला माझ्याकडे आणायचं मी ठरवलं. ती म्हणाली, "बघू." मी ते 'हो' धरलं आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या पत्त्यावर याव्यात म्हणून दुपारी तिची नोंद उघडली.

'ही नोंद थोरले बदलत आहेत. कृपया थांबा.'

बाबांचं खातं मीच बंद केलं होतं. जुनं काहीतरी अडकलं असेल, म्हणून त्या खात्याची उरलेली जोडणी तोडली. कुलूप पुन्हा लागलं. सर्व्हर बंद करून सुरू केला. पुन्हा थोरले.

"पाकिटं गाडीत चढवायचीत," कंपाउंडर दारातून म्हणाला. "आईंचं कुठे पाठवू?"

"नोंद अडकलीय."

"कोणाकडे?"

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"जिवंतपणी कोणाला दाद दिली नाही, आता काय देणार." तो हसला, मग ओशाळला. "तू सांगून बघ ना. तुझं ऐकायचे."

"माझं तर मुळीच नाही."

तो गेल्यावर मी व्हरांड्यात डोकावून आले. उगीच. मग खुर्चीत बसून हळूच म्हटलं, "बाबा, तिला तिथे एकटी कशी ठेवू? सोडा आता."

कुलूप निघालं.

पत्ता जुनाच होता. 'सोबत राहणारे' या रकान्यात बाबा गेल्यावर मी 'कोणी नाही' भरलं होतं. तिथे आता 'एक' होतं. नुकतंच जतन झालेलं.

मी आईला फोन लावला. तिच्यामागे टीव्ही मोठ्याने चालू होता.

"बरं झालं केलास," ती म्हणाली. "मी काही येत नाही गं तुझ्याकडे. माझं इथेच ठीक आहे."

"आई, एकटीने कसं..."

"काय? ऐकूच येत नाही."

टीव्हीचा आवाज कोणीतरी कमी केला.

"हां," आई म्हणाली, "आता बोल."